माझ्या मागे रांगेनं

२१ एप्रिल

पोचले एकदाची! होडीतून उतरताना चप्पल चिखलात रुतली, ती उपसायला वाकले तर खांद्यावरची खडूंची पिशवी थेट पाण्यात. नव्या बाईंचं पुंता लुबी गावात आगमन हे असं झालं. धक्क्यावरच्या बायका तोंडावर हात धरून हसत होत्या. मग मीही हसले, करते काय! एकीनं खडू निवडून आपल्या झग्याच्या ओच्यात घेतले आणि म्हणाली, बाई, उन्हात वाळत घाला, आमच्याकडे दुसरं काही नसलं तरी ऊन पुष्कळ आहे.

हेडबाई म्हणजे मिसेस आरानास स्वतः छत्री घेऊन न्यायला आल्या होत्या. माझा हात धरून बराच वेळ सोडेनात. पहिलीला बाई मिळाली, पहिलीला बाई मिळाली, एवढंच चाललं होतं. गेल्या वर्षी पहिलीचा वर्ग भरलाच नाही म्हणे. का, ते विचारलं तर म्हणाल्या, आधी जेवा तर खरं.

राहायला लोला पासिंगकडे, सगळं गाव तिला लोला म्हणजे आजी म्हणतं. लोला विडीचं जळतं टोक तोंडात धरून ओढते आणि तशीच बोलते. मला प्रत्येक वाक्याला वाटतं, आता जीभ भाजणार. घरात ती आणि तिची नात इसिंग, सहा वर्षांची, पुढचे दोन दात गायब. इसिंगची आई आखातात घरकामाला आहे. मी पिशवी खाली ठेवायच्या आत पोरीनं मागणी केली, की जूनमध्ये ती पहिलीत येणार आणि तिला खिडकीजवळची पुढची जागा हवी. तिथून धक्का दिसतो, आई आली की सगळ्यांच्या आधी तिला दिसेल. लोला म्हणाली, बाईंना श्वास तर घेऊ दे गं भवाने. मी मात्र वचन देऊन बसले. ती जागा तुझी, दुसऱ्या कुणालाही देणार नाही.

आईला निरोप धाडला की पोचले. शाळा उघडेल त्या दिवशी ती सेबूहून येणार आहे, मुलगी शिकवताना बघायला. आत्तापासूनच मला धडकी भरली आहे.

२४ एप्रिल

आज वर्ग उघडला. शाळा गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. वर दफनभूमी, खाली गाव, मधे आम्ही. पहिलीची खोली सगळ्यात टोकाची. कोळिष्टकं असतील, पाली असतील असं समजून डोक्याला फडकं बांधून गेले. पण खोली चक्क वापरातली. बाकांवर धूळ नाही, बसून बसून फळ्या गुळगुळीत झालेल्या. म्हटलं, नशीब काढलं.

दुपारी माणसं आली, काळ्यापांढऱ्या कपड्यांत. आत शिरली आणि त्या चिमुकल्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. मी आधी गोंधळले, मग लक्षात आलं. गावातल्या उस्टिंग नावाच्या म्हाताऱ्याला पुरून परत चालली होती. आमच्याकडे सेबूत मयताहून येताना लोक बेकरीत नाहीतर चहाच्या दुकानात शिरतात. मेलेला पाठीमागे घरापर्यंत येऊ नये म्हणून आधी कुठंतरी टेकायचं, त्याला तिथं झटकायचं, मग घर. इथं वाटेत दुकानच नाही, तर बिचारे टेकणार कुठं? शाळेतच!

मी लगेच कॉफी केली. आपली पहिली पाहुणी मंडळी! बिस्किटं दिली, तक्ते दाखवले. निघताना एका आजोबांनी विजार झटकली आणि हळूच म्हणाले, तू इथंच राहा हं उस्टिंग. मी दारात उभी राहून सगळ्यांना हसून म्हणाले, पुन्हा या. त्यावर सगळे असे काही बघायला लागले की विचारू नका. मयताच्या पाहुण्यांना पुन्हा या म्हणतात का कुणी! जीभ चावली. आई असती तर तिनं चिमटाच काढला असता.

२९ एप्रिल

कॉलेजात आमच्या बाई सांगायच्या, पहिला दिवस रिकाम्या वर्गात पाठ करा. मोठ्यानं. मुलांना तुमची भीती एका मिनिटात कळते आणि मग ती डोक्यावर बसतात. म्हणून आजपासून तालीम. दारात उभं राहायचं, हसायचं आणि म्हणायचं: या मुलांनो, आत या. ही खोली तुमचीच आहे. कुणीही बाहेर उभं राहायचं नाही.

पहिल्यांदा आवाज चिरकला. नंतर चांगलं जमलं. हे वाक्य झोपेतही म्हणता आलं पाहिजे, इतकं घोटणार आहे.

गंमत म्हणजे रिकामा वर्ग रिकामा वाटला नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळेला असं वाटलं की बाकं ऐकताहेत. चांगला वर्ग कान देतो तेव्हा जी शांतता होते ना, तशी. मी खूश! म्हटलं जोव्हेलिन, तुला जमणार हे.

४ मे

आता इसिंग रोज तालमीला असते. खिडकीजवळच्या पुढच्या जागेवर, पाटी घेऊन, अगदी रुबाबात. आज अक्षर गिरवताना एकदम मागे वळून ओरडली, माझं बघून लिहू नको गं! मी विचारलं, कोणाला म्हणतेस? तर म्हणे, ही सारखी माझंच बघते, बाई, हिला दुसरीकडे बसवा. मीही खेळात शिरले. मागच्या बाकाला बोट दाखवून दम भरला, की जिनं तिनं आपल्या पाटीत बघायचं. इसिंगचं समाधान झालं.

आज खिडकीबाहेर एक बाई उभी होती. मेर्लिंदा नाव तिचं, माझे खडू झग्यात घेणारी तीच. माझी तालीम ऐकत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. आत या म्हटलं तर पळतच गेली.

संध्याकाळी लोलाला सांगितलं. लोलानं विडी काढून हातात घेतली, हे ती कधी करत नाही. म्हणाली, तिची पोर असती तर आत्ता दुसरीत गेली असती. गेल्या वर्षी शाळा उघडायच्या तोंडावर गोवर आला. पहिलीत जाणारी पोरं होती ना, ती जवळजवळ सगळीच गेली. इसिंग लहान होती, गोवर येताच तिला मावशीकडे धाडली, म्हणून वाचली.

मग वर्ग का भरला नाही ते कळलं. रात्री जेवण गेलं नाही.

९ मे

आज शाळा सुटायची तालीम. हे फार अवघड असतं, लहान मुलं घंटा झाली की कोंबड्यांसारखी पांगतात. म्हणून मी एक गाणं रचलं आहे, चालही माझीच:

चला, बाईंच्या मागे रांगेनं,
हात धरा रे, सोडू नका,
बाई जातील तिथं जाऊ,
मागे कुणी राहू नका.

पुढे मी, माझ्यामागे इसिंग, आणि बाकी वर्ग आहे असं समजायचं. गात गात वर्गातून निघालो ते थेट लोलाच्या घरापर्यंत. मजा आली! वाटेतली कुत्री उठून कडेला झाली. आम्ही पुढे गेलो तरी ती कडेलाच उभी होती, जणू अजून कुणी जायचं राहिलं आहे. इसिंग मधेच म्हणाली, बाई, हळू चाला, मागचे दमले.

लोला दारातच होती. तिच्या तोंडातली विडी पडली. कुठून आलात विचारलं. म्हटलं, शाळेतून. किनाऱ्यावरून आलात ना? नाही, सरळ आलो. ती तिथंच पायरीवर बसली. मी पाणी दिलं, ते घेईना.

१० मे

लोलानं आज सगळं सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते, म्हणजे मला तरी नीट कळेल.

टेकायला वर्गात बसतात खरं, पण वर्गातूनही कुणी सरळ घरी जात नाही. आधी किनाऱ्यावर जातात, समुद्रात पाय धुतात, मग घर. जे झटकलं ते वर्गातच राहिलं पाहिजे. गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, मग मला कुणी सांगितलं का नाही? लोला म्हणाली, शाळेतून घरी कसं यायचं हे बाईंना कोण शिकवणार, पोरी?

आणि ती मुलं. गोवराची. एकेका घरात मागे भावंडं होती. मेलेलं पोर आईच्या मागे घरी आलं तर सोबतीला भावंड नेतं, म्हणून आयांनीच त्यांना तिथं झटकलं. पण आपल्या पोराला नुसतं, राहा इथं, असं कोणती आई म्हणेल? त्या प्रत्येकीनं पोराला समजावलं. लोला मेर्लिंदाच्या शेजारीच बसली होती, तिनं ऐकलं. इथंच बस हं राणी, शाळा सुरू होईल, बाई येतील.

आणि मी गेले. दारात उभी राहिले. आत या म्हणाले. माझ्या मागे रांगेनं चला म्हणाले.

मला खूप रडू येतंय. भीती नंतर वाटेल बहुतेक.

१३ मे

इसिंगला ताप.

लोला पोरीच्या उशाशी बसून असते. मला रागावली असती तर बरं झालं असतं. पोरीचे डोळे लाल झाले आहेत, उजेड सहन होत नाही. पलीकडच्या बेटावरून नर्स येऊन गेली. अंगावर पुरळ उठलं तर कळवा म्हणाली. इसिंग चटईच्या कडेला सरकून झोपते. मी मधे घेतलं तर परत सरकते. जागा कोणाला करतेस, असं विचारायची हिंमत होत नाही.

१५ मे

पुरळ उठलं.

चटईभोवती जमिनीवर खडूची बोटं उमटलेली. लहान. लोलानं पुसली, दुपारपर्यंत परत. भर उन्हात, दारं-खिडक्या सताड उघड्या, अंगणात कोंबड्या, आणि घरात कुणीतरी अगदी हळू माझं गाणं म्हणतंय. शब्द चुकतात. बोबडे. मागे कुणी लाहू नका.

इसिंग झोपेत विचारते, धक्का दिसतो का, आई आली का.

१७ मे

मीच आणलं, मीच नेणार. सकाळी लोलाच्या दारात उभी राहिले आणि गाणं म्हणायला लागले. बायका आपापल्या दारांत आल्या, पोरांना आत ओढलं, पण स्वतः उभ्या राहिल्या. मी रस्त्यानं गात चालले. मागे वळून पाहिलं नाही. मेर्लिंदाच्या घरासमोर आले तेव्हा ती गुडघ्यावर बसली आणि माझ्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघून हात हलवत राहिली.

वर्गात आले. बसा म्हटलं. सगळी बाकं एकदम करकरली.

मग किनाऱ्यावर गेले, पाय धुतले, दोनदा धुतले, घरी आले. इसिंग उठून बसली होती, भात मागत होती! लोलानं मला पोटाशी धरलं आणि आम्ही दोघी लहान पोरींसारख्या रडलो.

१८ मे

परत ताप. कालच्यापेक्षा जास्त.

बाई नसली की वर्ग बाहेर पडतो. कोणताही वर्ग. यात त्यांचं काय चुकलं? बाई येतील म्हणून सांगितलं होतं त्यांना. बाई आल्या आणि निघून गेल्या.

१९ मे

वर्गात आहे. इथंच राहणार. लोला म्हणाली जाऊ नको, पण दार तिनं अडवलं नाही. ती तरी काय करेल? इसिंग तिची आहे.

मी आत येऊन बसले तेव्हा तिकडे ताप उतरला. लोला खिडकीबाहेरून सांगून गेली. केळीच्या पानात भात आणि सुकी मासळी ठेवून गेली, आत हात घातला नाही.

हेडबाई आल्या होत्या. त्याही बाहेरूनच. म्हणाल्या, जोव्हेलिन, चल, तुझी बदली करून घेते, चूक माझी आहे, आल्या दिवशीच सांगायला हवं होतं, पण पहिलीला बाई मिळाली या आनंदात मी आंधळी झाले. मी म्हटलं, मग यांच्यापाशी कोण बसेल? त्या छत्री मिटून उन्हात उभ्या राहिल्या. मग गेल्या.

२३ मे

शाळा-सफाईचा आठवडा. सगळं गाव आलंय. बाप लोक छप्परं ठोकताहेत, बाया भिंती रंगवताहेत, थट्टामस्करी चालू आहे. टोकाच्या खोलीकडे कुणी येत नाही. यंदा पहिलीत येणारी मुलं आंब्याखाली बसणार म्हणे, हेडबाई त्यांना शिकवणार.

मी अक्षरं शिकवते. पाट्यांवर उमटतात. वाकडीतिकडी, पण उमटतात. शाबास म्हटलं की बाकांखालून पाय हलवल्याचा आवाज येतो. मुलंच आहेत हो. नुसती मुलं.

पण सुट्टी देता येत नाही. फळ्याकडून दाराकडे दोन पावलं टाकली की—

झग्याला धरतात.

२६ मे

एक हात माझ्या हातात असतो आता. सारखा. गार. लिहिताना सुद्धा. सोड गं म्हटलं तर दुसऱ्या हाताला—

इसिंग अंगणात खेळते. लोला खिडकीतून सांगते ते ऐकायला मी दिवसभर थांबते. नवा गणवेश शिवलाय. माझी जागा ठेवलीय ना, विचारते.

ठेवली आहे. तिथं कुणाला बसू देत नाही. मुलं फिरून फिरून तिथं बघतात.

२८ मे

अंग तापलंय. उजेड नको वाटतो.

भात तसाच पडलाय. लोला हाका मारते. उठवत नाही.

मनगटावर पुरळ. म्हणजे—

आई येईल शाळा उघडायला. तिला कुणीतरी सांगा, येऊ नको. नाही. येऊ दे. आई—

२९ मे

पाणी

कपाळावर हात ठेवलेत त्यांनी. गार. बरं वाटतं. किती बरं वाटतं—

बहुतेक १ जून

ताप गेला! एकदम हलकं वाटतंय. तहान नाही, भूक नाही. खोलीत सगळीकडे ऊन. आणि आता मुलं दिसतात. नीट दिसतात. मेर्लिंदाच्या पोरीला आईचंच नाक आहे. किती शहाणी बसली आहेत. मला का भीती वाटत होती इतकी?

वही कुठं गेली कोण जाणे. सवयीनं लिहिते आहे.

२ जून

आज माणसं आली. काळ्यापांढऱ्या कपड्यांत. बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. हेडबाई, मेर्लिंदा, लोला.

आणि माझी आई.

मी ओरडले, आई! ती समोर बघत होती. फळ्यावर माझं अक्षर होतं, तिकडे. मी तिच्या पुढ्यात बसले, मांडीवर डोकं ठेवलं. तिला कळलं नाही.

मग लोलानं झगा झटकला. म्हणाली, जोव्ही, माझे बाई, तू इथंच राहा.

बायका आईला म्हणाल्या, झटका. आई नाही म्हणाली. दोन्ही हातांनी झगा घट्ट धरून बसली. नाही झटकणार, माझी पोर आहे, येऊ दे माझ्या मागे. शेवटी लोलानंच तिच्या मुठी सोडवल्या आणि तिचा झगा—

सगळे किनाऱ्यावरून गेले. आईला दोघींनी धरलं होतं. मी खिडकीतून पाहिलं. तिनं पाय धुतले.

शाळा उघडली

घंटा झाली. आंब्याखाली मुलं जमली आहेत.

लोलाचा हात धरून ती येतेय. नवा गणवेश. केसांना तेल लावलंय. वाट खिडकीवरूनच जाते.

माझी मुलं बाकांवरून उभी राहिली आहेत. खिडकीजवळच्या रिकाम्या जागेकडे बघताहेत. बाई, बोलवा ना. बाई, एकदाच—

नाही बोलवणार. तिच्यासाठीच तर— मी तोंड दाबून धरलंय.

इसिंग थांबली. वर बघते आहे. तिला मी दिसते. हसली, दात यायला लागलेत. म्हणाली, बाई, माझी जागा?

लोलाचा हात सोडला.

दारात आली आहे. उंबऱ्याबाहेर उभी आहे. मला मान हलवायची आहे. नाही म्हणायचं आहे. महिनाभर एकच वाक्य घोटलं, दुसरं काही तोंडात येतच नाही. इसिंग, पळ. इसिंग— या मुलांनो, आत—